पुढं गेलेली

१

वत्सलाचा शनिवार पहाटे पाचला सुरू व्हायचा. आधी वडिलांना उठवून भिंतीला टेकवून बसवायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, मग पेज भरवायची. भिका एके काळी स्वतःची बोट घेऊन चार-चार दिवस समुद्रात राहणारा माणूस. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेल्यातच जमा झालं. घशातून घोगरा आवाज निघे, त्याचा अर्थ सासरहून परतलेल्या वत्सलानं लावायचा. पेज अर्धी पोटात जाई, अर्धी गळ्याखालच्या टॉवेलावर. सहाला शेजारची मंजुळा सोबतीला येई, आणि वत्सला समुद्रकाठच्या दांडी गावाहून रिक्षा पकडून बोईसर स्टेशन गाठी.

स्टेशनाबाहेर मारुती त्याची बारा सीटांची बस पुसत उभा असे. मुंबईहून आलेले सात-आठ पाहुणे घ्यायचे आणि सूर्या नदीच्या खोऱ्यात दिवसभर फिरवून संध्याकाळच्या गाडीला परत सोडायचे, असं हे काम. मालक हितेशनं सहलीला नाव दिलं होतं, ‘खा, चाखा, पाहा’. खायचं पाड्यावर भागीच्या अंगणात, चाखायची भावेशच्या वाडीतली चिकूची वाइन, आणि पाहायचे नदीकाठचे पक्षी. वत्सला तीन वर्षं तेच बोलत होती. चिल्हार फाटा आला की कोणीतरी विचारणारच, "इथं बिबट्या दिसतो का हो?" त्यावर तिनं म्हणायचं, "आपल्याला तो दिसत नाही, त्याला आपण दिसतो." लोक हसत. ती खिडकीबाहेर बघे.

मागच्याच आठवड्यात हितेशनं मोबाइल तिच्यासमोर धरला होता. कुणीतरी लिहिलं होतं, गाइडबाईंना माहिती भरपूर, पण फार थकलेल्या वाटल्या.

"तिसऱ्यांदा आलंय हे, मॅडम," तो म्हणाला होता. "जरा हसत चला ना. लोक सुट्टीवर येतात."

ती हो म्हणाली होती. हसायला नेमकं काय लागतं ते आठवायचा तिनं त्या रात्री प्रयत्नही केला, आणि त्यातच तिला झोप लागली होती.

जानेवारीतल्या त्या शनिवारी आठ पाहुणे होते. बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं, कॉलेजातल्या चार मैत्रिणी, आपल्या आईला घेऊन आलेली हिना नावाची बोरिवलीची मुलगी. हिनाच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा होता. फाटा आला, बँकेतल्या काकांनी बिबट्याचं विचारलं, आणि वत्सलानं उत्तर दिलं. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

२

भागीचं घर टेकडीच्या उतारावर होतं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, पलीकडे भात कापून मोकळी झालेली खाचरं. नवरा नवशा गुजरातेत वीटभट्टीवर गेलेला. पाहुणे चपला काढून चटयांवर बसले. चुलीवर कंद उकडत होते.

"भागी, आठ जण आहेत आज," वत्सला म्हणाली. "तिखट बेताचं ठेव."

भागीनं मान वर केली. "कितीदा सांगशील? मघाशीच तं सांगून गेलीस."

"कधी?"

"आत्ता. च्या पिऊन गेलीस की. कप बी धुतला नाय मी अजून." तिनं ओट्याकडे हात केला. तळाशी चहा राहिलेला कप तिथं होता. "आज लय हसत होतीस बाय. माज्या पोटात दुखाया लागलं हसून हसून."

वत्सलाला आधी वाटलं, भागी चेष्टा करतेय. मग तिचं लक्ष भागीच्या चेहऱ्याकडे गेलं. भागीच्या नाकावर चष्मा होता. साधा, काळ्या काड्यांचा, जवळचं बघायचा.

तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, म्हणून दिवाळीच्या आधी भागीनं तिच्याकडे चष्मा मागितला होता. आणते म्हणून वत्सलानं शब्द दिला होता आणि दर शनिवारी ती विसरली होती. बोईसरच्या बाजारात चष्मेवाला तिच्या रस्त्यावरच बसतो. थांबायचं तेवढं त्राणच राहत नसे.

"हा कोणी दिला?"

"असं काय करतेस? तूच तं दिलास. डोल्याला लावून बी दिलास." भागी हसली. तिला वाटलं, आता वत्सला चेष्टा करतेय.

वत्सलानं डोकं चालवलं. भागीला धड दिसत नाही हे तर खरंच. हितेशनं दुसरी बाई बघितली असणार, तिला रस्ता दाखवायला आज पुढं पाठवलं असणार. खाकी शर्ट आणि टोपी कंपनीची, त्यात कुणीही सारखंच दिसतं. आल्या आल्या सगळ्यांची मनं जिंकायची, म्हणून चष्मा. पण चष्म्याचं तिला कुणी सांगितलं? भागीनंच सांगितलं असेल, आधी कधीतरी. तिनं स्वतःची समजूत घातली आणि पानं मांडायला घेतली. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, सुकटीची चटणी. पाहुण्यांनी बोटं चाटली. वत्सला नुसती वाढत राहिली. मनात सारखं एकच येत होतं, मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं.

निघताना भागी फाटकापर्यंत आली आणि तिचा दंड दाबून म्हणाली, "अशीच येत जा. मदल्या काळात तू कुठं गेलती तेच समजत नव्हतं."

३

भावेशची वाडी मासवणच्या अलीकडे, चिकूच्या गर्द झाडांत. वाइनची खोली मागे, जुन्या गोठ्याच्या जागी बांधलेली. आत गारवा आणि अंधार, स्टीलच्या सहा टाक्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याची एक नळी. आतला रस आंबताना वायू त्या नळीतून बाहेर पडतो, आणि मिनिटामिनिटाला कुठल्यातरी टाकीतून बुडुक आवाज येतो. पाहुण्यांना तो आवाज आवडे. वत्सलाला त्या खोलीत नेहमी झोप यायची.

आज भावेश तिच्याकडे बघून थबकला. तो पस्तिशीचा, नजरेनं पक्का, माणूस विसरणारा नव्हे.

"परत आलात?" तो म्हणाला. "बरं झालं. मला वाटलं, तुम्ही घरी गेलात."

"भावेशभाई, मी आत्ताच येतेय."

त्यानं पाहुण्यांना टाक्या बघायला पुढं पाठवलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, लाजायचं काय त्यात? तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पेला हातात घेतलात, मला आनंदच झाला. इथंच बसला होतात ना, दरवाज्याजवळ. तास झाला असेल."

तिथं एक लाकडी स्टूल होतं. शेजारच्या पेटीवर एक पेला, तळाशी मधाच्या रंगाचा थेंब. भागीकडे पाच-दहा मिनिटांचा फरक होता. इथं तास झाला म्हणतोय. म्हणजे पुढची बाई भागीकडे जेवायला थांबलीच नव्हती, वत्सला हिशेब करत राहिली. मोटारसायकल असेल तिच्याकडे.

"ती दुसरी बाई होती, भावेशभाई. हितेशनं नवीन ठेवलीय."

भावेश गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर कणव आली, आणि तीच तिला जास्त लागली.

"तुम्ही वडिलांचं सांगत होता," तो म्हणाला. "श्रावणातलं. त्यांनी हाक मारली आणि तुम्ही घरामागच्या भिंतीला लागून उभ्या राहिलात. अर्धा तास. ते हाका मारत होते आणि तुम्ही ओ दिली नाही. मॅडम, मनाला नका लावून घेऊ. माझ्या आईच्या वेळी माझंही असंच झालं होतं."

कुठल्यातरी टाकीत बुडुक वाजलं.

वत्सलानं भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. श्रावणातली ती दुपार तिनं कुणालाही सांगितलेली नव्हती. मंजुळा तेव्हा बाजारात होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. पावसानं हिरवी पडलेली ती भिंत आणि आतून येणारा तो घोगरा आवाज, एवढंच होतं. वडिलांनासुद्धा वाटलं होतं, ती घरात नाही.

"आणखी काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"काय म्हणालात," भावेशनं हळूच दुरुस्त केलं. "म्हणालात, आज लवकर घरी जायचंय."

४

बसमध्ये बसल्या बसल्या तिनं हितेशला फोन लावला.

"दुसरी बाई पाठवलीय का तुम्ही रूटवर?"

"कुठली बाई?" हितेश वैतागला. "तुमच्या जागी यायला कोण तयार आहे, मॅडम? मिळाली असती तर कधीच ठेवली असती. काय झालं? पाहुण्यांची काही तक्रार?"

"नाही."

"मग हसा जरा."

तिनं मंजुळाला लावला. घंटी वाजत राहिली, मंजुळानं उचलला नाही. मंजुळाचा फोन एरवीही फळीवर पडलेला असतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. उन्हात डोकं तापलं असेल. भावेशला आपणच कधीतरी बोलून गेलो असू आणि नंतर विसरलो असू. दमलेला माणूस काय काय बोलतो. बोलून विसरतो. असं होतं, डॉक्टरही सांगतात. पण आज सकाळी आपण त्या स्टुलावर बसलो नव्हतो, एवढं मात्र कुठलाही डॉक्टर तिला पटवू शकला नसता.

नदीकाठी जांभळाच्या झाडाआड बांबूचा आडोसा केलेला होता. दुपारचे अडीच. सूर्येचं पाणी थंडीत संथ आणि काचेसारखं. समोरच्या काठावर खडक, त्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे, मागे वाळक्या गवताचा चढ आणि चढावरून जाणारी पायवाट. ती वाट पुढं डांबरी रस्त्याला लागते, आणि तिथून पश्चिमेला वळलं की बोईसर, तारापूर, समुद्र.

पाहुणे गप्प झाले. हिना कॅमेऱ्याला डोळा लावून बसली. बटणाचा कचकच आवाज सुरू झाला. एक खंड्या पक्षी पाण्यात सूर मारून गेला. बँकेतल्या काकूंनी नवऱ्याचा हात धरला. वत्सला आडोशाच्या खांबाला टेकली. क्षणभर तिला खरोखर बरं वाटलं.

मग हिनानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला, आणि वळून वत्सलाकडे पाहिलं. पुन्हा भिंगातून बघितलं, पुन्हा वळली.

"मॅडम," ती कुजबुजली, "तिकडे कोण आहे?"

वत्सलाला नुसत्या डोळ्यांनी गवतात हलणारा एक खाकी ठिपका दिसला. हिनानं कॅमेरा तिच्यापुढं धरला. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो होता. पायवाटेवरून जाणारी एक बाई, पाठमोरी. खाकी शर्ट. टोपी काढून हातात घेतलेली, केस मोकळे सोडलेले. हातात गवताचा एक तुरा. ती खडकावरचे पक्षी बघत रमत गमत चालली होती. दिवसभराची कामं आटोपलेल्या माणसाच्या चालीत असतो तसा एक सैलपणा तिच्या खांद्यांत होता.

वत्सलानं ते खांदे ओळखले. आरशात तिला ते तसे कधी दिसले नव्हते. पण लग्नाआधीच्या एका फोटोत होते, बापाच्या बोटीच्या काठावर बसलेली असतानाच्या.

"पुढच्या फोटोत तिनं मान वळवलीय," हिना म्हणाली आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"नको," वत्सला म्हणाली.

"अहो, बघा तरी. अगदी तुमच्या..."

"नको म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं ती त्या आडोशात कधीच बोलली नव्हती. पाणकावळे एकदम उडाले. पाण्यावर त्यांच्या पंखांचे फटके वाजत गेले. पाहुणे तिच्याकडे बघत राहिले. हिनानं कॅमेरा पोटाशी धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

समोरच्या चढावर आता कोणीच नव्हतं.

५

परतीच्या वाटेवर ताडीवाल्याकडे थांबायचं होतं, ते तिनं रद्द केलं. माझ्या पोटात दुखतंय, असं पाहुण्यांना सांगितलं. कुणी वाद घातला नाही. स्टेशनवर उतरताना हिनाची आई तिला म्हणाली, "घरी जाऊन झोपा बेटा." हिना मात्र तिच्या नजरेला नजर न देता उतरली.

"मारुतीभाऊ, मला दांडीला सोडाल?"

मारुतीनं आरशातून बघितलं. तीन वर्षांत तिनं कधी असं मागितलं नव्हतं. त्यानं काही न विचारता बस वळवली. कारखान्यांच्या पाळ्या सुटत होत्या. सायकली, टमटम, हिंदीत एकमेकांना हाका मारणारी पोरं, हवेत तो नेहमीचा आंबूस रासायनिक वास. घिवलीकडचा फाटा मागे पडला आणि वारा खारट झाला.

"एक विचारू?" मारुती म्हणाला. "सकाळी तुम्ही स्टेशनवर दोनदा का आलात?"

वत्सला सीटवर पुढं सरकली.

"साडेसहाला आलात, मला गुड मॉर्निंग म्हणालात, बसला हात लावून गेलात. मी म्हटलं, आज स्वारी खुशीत आहे. मग सातला पुन्हा आलात, तोंड पाडून. मी म्हटलं, मधेच काही झालं असेल. घरचं काही."

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही कुठं बोलता कुणाशी," मारुती म्हणाला. त्यात राग नव्हता.

तिला घाई करायला सांगायचं होतं. लवकर चला, मंजुळा फोन उचलत नाही, म्हातारा एकटा असेल, असं ओरडायचं होतं. पण पाय सीटखाली जडशीळ पडले होते, आणि मनाच्या तळाशी एक विचार होता ज्याची तिला शरम वाटत होती. संध्याकाळची भाकरी कोणी केलेली असेल, तर बरंच होईल.

६

दांडीत ऊन कलतं झालं होतं. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा वाऱ्यानं हलत होत्या. मंजुळा तिच्या ओट्यावर जाळं सांधत बसली होती. वत्सलाला बघून तिच्या हातातली सुई थांबली.

"तू कवा बाहेर गेलीस?"

"मंजुळा, बाबांना एकटं टाकून तू इथं काय करतेस?"

"एकटं कुठं? दुपारी दोनला तूच आलीस. मला म्हनलीस, जा, घरी पड जरा, तू बी दमतेस." मंजुळाचा आवाज बारीक झाला. "माज्या पाठीवरनं हात फिरवलास. आता तू कुठनं आलीस?"

दोन वाजता. अडीचला तर ती नदीपलीकडच्या वाटेवर होती. वत्सलाला वाटलं, हे कुठंतरी धरून ठेवावं, ह्यातून काहीतरी सिद्ध होईल. पण काय सिद्ध होईल ते सुचण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं घराचं दार ढकललं.

खोली झाडलेली होती. कोपऱ्यातली औषधांची रिकामी पाकिटं गेली होती. समुद्राकडची खिडकी, लाकूड फुगून दोन वर्षं अडकलेली, सताड उघडी होती आणि उन्हाचा पट्टा थेट खाटेपर्यंत आला होता. भिका उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, केसांना तेल, अंगात धुतलेली बंडी. शेजारच्या ताटलीत माशाचे काटे, नीट एका कडेला काढून ठेवलेले. गळ्याखाली टॉवेल नव्हता. बंडीवर एक डागही नव्हता.

आणि मागच्या न्हाणीत पाण्याचा आवाज होता.

दार लोटलेलं, आतून कडी. बादलीत तांब्या बुडायचा, मग पाणी अंगावरून खाली यायचं, मग थोडी शांतता. पुन्हा तांब्या. कुणीतरी निवांत, घाई न करता अंघोळ करत होतं. दाराखालून साबणाचं पाणी वाहत होतं. मधेच गुणगुणणं ऐकू आलं. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, आवाज कळत होता.

वत्सला दोन पावलं पुढं गेली. हात वर केला. दारावर मारायचा, की ढकलायचा, तिला ठरवता येईना.

तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. भिकानं खाटेवरून वाकून, चांगल्या हातानं तिला धरलं होतं. चार वर्षांत त्याच्या बोटांत एवढा जोर तिला जाणवला नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ओळखून पाहिलं, तिला त्यात शंका राहिली नाही. आणि त्याच्या तोंडून स्वच्छ, सलग शब्द आले.

"नको उघडू. दमून आलीय ती. न्हाऊ दे तिला."

वत्सला तशीच उभी राहिली. रोज संध्याकाळी उंबऱ्यात चपला काढताना तिनं त्या खाटेकडे कान दिला होता, आणि घोगऱ्या आवाजातून पाणी, उशी, संडास, एवढेच अर्थ लावले होते. दमून आलीस का, असाही त्यातला एखादा आवाज असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. किंवा तसा आवाज नसेलही. आता ते विचारायचं कसं, आणि कोणी विचारायचं?

"बाबा," ती म्हणाली, "मी वत्सला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. ठाऊक आहे, अशी. तिचं मनगट सोडून त्यानं खाटेखाली अंथरलेल्या चटईवर हात थापटला.

ती खाली बसली, पाठ न्हाणीकडे करून. मारुतीची बस बाहेर वळताना घरघरली आणि आवाज लांब गेला. बोंबलांचा वास, तेलाचा वास, साबणाचा वास. खिडकीतून येणारा वारा तिच्या मानेवरचा घाम सुकवत होता. उठून पळावं असं तिला वाटलं, आणि मंजुळाच्या ओट्यापर्यंत जायलाही किती पावलं पडतील ते तिनं मनात मोजून पाहिलं. फार होती.

पाण्याचा आवाज थांबला.

बादली सरकली. पिळलेल्या कपड्यातून पाणी गळलं. मग कडी निघाली, आणि दाराचं लाकूड हळूच भिंतीला लागलं.

भिकाचा चेहरा वर झाला. शाळा सुटून ती घरी यायची तेव्हा जाळ्यांवरून मान उचलून तो असाच बघायचा.

ओली पावलं जमिनीवर वाजत आली आणि तिच्या शेजारी थांबली. वत्सलानं डोळे चटईवर रोवून ठेवले होते, तरी कडेला ती दोन पावलं दिसलीच. बोटांत तिच्यासारखीच चांदीची जोडवी, टाचांना भेगा, घोट्यावरून ओघळणारं पाणी. त्यातला एक थेंब तिच्या हातावर पडला. कोमट होता.

तिनं मान वर केली नाही. फक्त थोडी सरकली, आणि चटईवर आणखी एकीपुरती जागा झाली.